भोगवटा दाखला नसलेल्या इमारतीत फ्लॅट घ्यावा का?

सात रस्ता
आपल्या सोलापुरात जुळे सोलापूर म्हणा, होटगी रोड म्हणा, सैफुलच्या पुढे म्हणा, जिकडे बघाल तिकडे नव्या इमारतींचे बोर्ड. माझा मावसभाऊ विजापूर रोडला चालू कामात फ्लॅट बुक करायला निघालाय आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. माझं मत पक्कं आहे. महापालिकेचा भोगवटा दाखला, म्हणजे इमारत पूर्ण झाली, आता राहायला हरकत नाही असा कागद, मिळालेल्या इमारतीतच घर घ्यावं. काम रखडलं की घरभाडंही भरा आणि बँकेचं व्याजही भरा. दाखल्याआधी ताबा द्यायचा नाही हा कायदा आहे, तरी 'फर्निचरचं काम सुरू करा' म्हणत किल्ल्या दिल्या जातात. ओळखीतलं एक कुटुंब असंच राहायला गेलं. आजही दाखला नाही, महापालिकेचा नळ नाही, बोअर उन्हाळ्यात आटतो. दारात टँकर आला की म्हातारी सासू आधी पिंप सरकवते, मग चहा टाकते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात ही जोखीम कशाला घ्यायची?

साइटवरचा
मी सुपरवायझर आहे, बिल्डर नाही. तुमचं उलटं करा असं सांगेन. तयार इमारतीला रंग लागलेला असतो, आत काय दडलंय ते कुणाला दिसतं? चालू काम डोळ्यांसमोर होतं. आपल्याकडे काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलाय का, हे खड्डा उघडा असतानाच कळतं. दुसरं पाणी मारणं. एप्रिल-मे महिन्यात पारा 40 च्या वर असताना स्लॅब पडला तर किमान 10 दिवस तो ओला राहायला हवा, पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर 14 दिवस. दुपारी तीनला जाऊन बघा. स्लॅबवर आळी करून पाणी साठवलंय की सगळं कोरडं ठक्क आहे? कॉलमला गुंडाळलेलं पोतं हाताला ओलं लागतंय का? तयार फ्लॅटमध्ये हे तुम्हाला कोण दाखवणार?

शेळगीची ताई
दादांचं पटतं. शिवाय पैशाचं गणित बघा. पगारदार माणसाकडे एकदम रक्कम नसते. चालू कामात बँक एकेक स्लॅब पडेल तसे कर्जाचे पैसे सोडते, तेवढा वेळ मिळतो. जीएसटीचा बाऊ करतात, पण 45 लाखांच्या आतला आणि 90 चौरस मीटर कार्पेटच्या (भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा) आतला फ्लॅट असेल तर तो 1 टक्काच आहे. आपल्या गावातले बरेच फ्लॅट त्यात बसतात. आणि महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, कशासाठी आहे? तिथे नोंदवलेल्या प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते त्याच प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यांवर खर्च करावे लागतात. ताबा लांबला तर व्याज मागता येतं.

सात रस्ता
ताई, महारेरा नोंदणी असेल तर ना! 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचं किंवा आठपर्यंत फ्लॅटचं काम असेल तर नोंदणीची सक्तीच नाही. 500 चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. आपल्या गल्लोगल्ली उभ्या राहणाऱ्या तीन मजली अपार्टमेंट याच मापाच्या आहेत. तिथे व्याज कुणाकडे मागणार?

बाळे नाका
या भानगडीत पडताच कशाला? जागा घ्या, स्वतः उभं राहून बांधा. आमच्या वडिलांनी तेच केलं.

शेळगीची ताई
बिगरशेती नसलेले, गुंठ्यागुंठ्याने विकलेले प्लॉट घेऊन लोक वर्षानुवर्षं हेलपाटे घालतायत, ते विसरू नका. आणि आज स्वतः बांधायला रजा कोण देतं? आम्ही दोघंही नोकरी करतो.

साइटवरचा
सात रस्ता साहेब, लहान अपार्टमेंटबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, तिथे मीही बुकिंग करू नका म्हणेन. पण म्हणून सगळीच चालू कामं बाद करू नका. नोंदणीकृत प्रकल्प असेल तर ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

सात रस्ता
दुरुस्ती करून घ्यायला तो पाच वर्षांनी भेटला पाहिजे. इथे एक इमारत झाली की नव्या नावाची फर्म निघते. तरीही मावसभाऊ ऐकणारच नसेल तर त्याला एवढं करायला लावतो. महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशा आणि काम पूर्ण करायची तारीख स्वतः बघायची. जमिनीचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासलेला अहवाल) आपल्या वकिलाकडून काढायचा, बिल्डरने दिलेला चालणार नाही. जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेला 'सुपर बिल्टअप'चा आकडा ऐकूनच घ्यायचा नाही, भाव कार्पेटवर ठरवायचा. आणि करारनामा नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांच्या वर एक रुपया द्यायचा नाही. कायद्याने बिल्डरला तो मागताच येत नाही. मावसभावाकडे बिल्डरने आत्ताच 20 टक्के मागितलेत, 'ऑफर रविवारपर्यंतच' म्हणून.

शेळगीची ताई
20 टक्के, करार नसताना? मग तिथे नकोच. दुसरीकडे बघायला सांगा त्याला.