टेम्पोवाला 50 हजारांत मिटवा म्हणतोय, सही करावी का?

फलटणची_वहिनी: माझे मिस्टर फरशी बसवायचं काम करतात, वय 34. बारामती रस्त्याला समोरचा टेम्पो एकदम उजवीकडे वळला आणि मोटारसायकलला धडकला. गुडघ्यात प्लेट टाकलीय. चार महिने होत आले, गुडघा अजून पूर्ण वाकत नाही. उकिडवं बसता आलं नाही तर फरशी बसवणार कशी? एफआयआर झालाय. टेम्पोमालक स्टॅम्प पेपरवर सही मागतोय. वर हेल्मेट नव्हतं म्हणून कोर्टात छदामही मिळणार नाही, असं ऐकवून गेला. सासरे म्हणतात, घ्या आणि मोकळे व्हा. माझं मन धजत नाही.

जुना_कारकून: ताई, सही करू नका. अपघाताचे दावे चालवणाऱ्या वकिलांकडे मी आयुष्यभर कारकुनी केली. टेम्पोचा थर्ड पार्टी विमा असेल तर भरपाई विमा कंपनीकडून येते. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. अपघात बारामतीकडे झाला असला तरी तुम्ही राहता त्या सातारा जिल्ह्यात करता येतो. पण 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात 6 महिन्यांची मुदत आहे, वकील याच आठवड्यात गाठा.

हेल्मेटची भीती सोडा. डोक्यावर हेल्मेट असतं तरी गुडघा फुटलाच असता. दंड वेगळा. नियम मोडल्यामुळेच अपघात किंवा इजा झाली हे दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही. दुचाकीवर तिघे बसल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हाच मुद्दा धरला.

खरी लढाई अपंगत्वाच्या टक्क्यांची. समजा दाखल्यावर 20 टक्के आले आणि कमाई महिना 18 हजार धरली. वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; 34 वयाला तो 16, आणि त्या गुणाकाराचे 20 टक्के म्हणजे 6,91,200 रुपये. पण फरशीवाल्याचा गुडघाच वाकत नसेल तर कमाईचं नुकसान 20 टक्केच कसं? राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: हात गेलेला सुतार आणि हात गेलेला कारकून यांचं नुकसान सारखं नसतं. कोर्टाने 60 टक्के मानले तर आकडा 20,73,600 वर जातो. म्हणून डॉक्टरांची साक्ष घ्याच, आणि उकिडवं बसता येत नाही हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे.

कराडचा_गवंडी: माझ्या भावाच्या केसमध्ये कमाईच्या पुराव्यावर घोडं अडलं होतं. ठेकेदाराला साक्षीला बोलवा, बँकेचं पासबुक द्या. नाहीतर किमान वेतनावर हिशोब होतो. आणि वकील मिळणाऱ्या रकमेत टक्के मागत असेल तर स्पष्ट नाही म्हणा, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.

फलटणची_वहिनी: सासऱ्यांना वाचून दाखवलं, आता तेही गप्प आहेत. यांना उठवा-बसवायला मी घरी असते, माझं शिवणकाम बंद पडलंय. ते मागता येईल?

जुना_कारकून: सोबत्याचा खर्च म्हणून मागता येतो, घरच्या माणसाने सेवा केली तरी. रिक्षाभाडं, औषधं, फिजिओथेरपीच्या पावत्याही जपून ठेवा. पोलिसांकडून पंचनाम्याची आणि टेम्पोच्या विम्याची प्रत आधी काढून घ्या.