मनातल्या सरावात शॉट नेहमी चुकलेलाच का दिसतो?

प्रश्नकर्ती:
मी तीन वर्षांपासून 10 मीटर एअर रायफल नेमबाजी करते. सरावात 60 शॉट्सची बेरीज (एका शॉटला कमाल 10.9 गुण) 620 च्या पुढे जाते, स्पर्धेत मात्र ती आठ-दहा गुणांनी घसरते. रोज रात्री डोळे मिटून संपूर्ण सामना मनात खेळावा, असे प्रशिक्षकांनी सांगितले आहे. परंतु त्या वेळी मी स्वतःला प्रेक्षकासारखी दुरून पाहते आणि ट्रिगर दाबताच शॉट डावीकडे गेलेला दिसतो. अशाने चूकच अंगवळणी पडणार नाही ना?

रायफल प्रशिक्षक:
तुमची भीती रास्त आहे. 1985 साली गोल्फच्या पटिंगवर झालेल्या एका प्रयोगात, चेंडू भोकाजवळून निसटल्याची कल्पना करणाऱ्यांची कामगिरी खालावल्याचे आढळले होते. तरीही हा सराव सोडू नका, फक्त तो लहान करा. संपूर्ण सामन्याऐवजी एकच शॉट घ्या आणि तो बाहेरून न पाहता आतून अनुभवा: गालाला लागलेला रायफलचा कुंदा, अर्धा सोडून थांबवलेला श्वास, ट्रिगरचा पहिला टप्पा, शॉट सुटल्यावरही क्षणभर तशीच धरलेली नजर. रेंजवर शॉटला जेवढा वेळ लागतो, तेवढाच मनातही लागू द्या. लक्ष्याच्या मध्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो पाहण्याचा हट्ट धरला की मन निकालाकडे धावते. चित्र डावीकडे सरकू लागले, तर रेंजवर करता तसेच करा: रायफल खाली घ्या आणि श्वासापासून पुन्हा सुरुवात करा.

माजी जलतरणपटू:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र त्यात एक भर घालावीशी वाटते. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि त्याला भिंत दिसेनाशी झाली. तो हातांचे फटके मोजत पोहला आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकला. प्रशिक्षक बॉब बोमन त्याच्याकडून शर्यतीची मानसिक उजळणी नियमित करून घेत आणि त्या उजळणीत अशा अडचणीही असत. चूक पाहून तिथेच थांबणे निराळे आणि चुकीतून सावरण्यापर्यंतचा प्रवास पाहणे निराळे. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी एक 9.3 चा, म्हणजे चुकलेला शॉट आणि त्यानंतरचा शांतपणे मारलेला शॉट, असे दोन्ही मनात घ्यावेत.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. रात्री मला मध्येच झोप लागते. हे सकाळी केले तर चालेल का?

रायफल प्रशिक्षक:
अवश्य. शक्य असल्यास जॅकेट घालून, उभे राहून करा, म्हणजे शरीरालाही आपली ठेवण आठवते.