मदत हवी आहे: दुसरी गाडी विकून वेमोच्या विनाचालक टॅक्सीवर भागेल का?

नमस्कार मंडळी! आम्ही सॅन फ्रान्सिस्कोत सनसेट भागात राहतो. घरातली जुनी पेट्रोलची गाडी काढून टाकावी असं माझं मत, पण नवरा काही ऐकत नाही. जून 2024 पासून वेमो इथे सगळ्यांसाठी खुली झाली आणि आमचं तिच्यात येणं-जाणं वाढलं. सासूबाई तर उतरताना रिकाम्या ड्रायव्हर सीटकडे बघून सवयीने "येते हं" म्हणतात!

अडतंय ते रोजच्या धावपळीत. सकाळी गर्दीच्या वेळी भाडं वाढतं. कॅलिफोर्नियात वेमोतून मुलांना एकटं पाठवता येत नाही, आणि लहान मुलाची सीट आपणच न्यायची. ती दिवसभर ऑफिसात कुठे ठेवायची?

दुसरी शंका पर्यावरणाची. वेमोची जॅग्वार आय-पेस गाडी विजेवर चालते हे खरं, पण पुढचं गिऱ्हाईक घ्यायला ती रिकामीच धावते ना? मुनीची (शहराची सार्वजनिक वाहतूक) बस सोडून तिच्यात बसले तर रस्त्यावर एक गाडी वाढलीच की. माझा कल मुनी आणि अडीअडचणीला वेमो असाच आहे.

कोणी खरंच एका गाडीवर आलंय का? पार्किंग, विमा धरून महिन्याचा हिशोब कसा बसतो? पाळणाघराचं कसं जमवता?