मदत हवी आहे: नशा करणाऱ्यांसोबत काम करणाऱ्या संस्थेत इंटर्नशिप

नमस्कार, मी नांदेडला एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या एमएच्या तोडीची पदवी) दुसऱ्या वर्षाला आहे, फिल्डवर्कसाठी मला व्यसनमुक्ती केंद्र नकोय, हार्म रिडक्शनवाली (नशा सुटली नसली तरी तिच्यानं होणारं नुकसान कमी करणारी) संस्था पाहिजे, म्हणजे नॅकोच्या (सरकारची राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) टीआय प्रकल्पासारखी (एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्यांसाठीचं काम), जिथं सुई टोचून नशा करणाऱ्याला नवी सुई देतात, वापरलेली परत घेतात, एचआयव्हीची टेस्ट करून घेतात, लागलं तर ओएसटी सेंटरला नेऊन ब्युप्रेनॉर्फिनच्या (हेरॉइनसारख्या नशेच्या जागी डॉक्टरच्या देखरेखीखाली देतात ते औषध) गोळ्या सुरू करून देतात. आधी सोड मग ये असं म्हणत नाहीत तिथं, तेच मला पटलंय.

आमच्या गल्लीतला एक पोरगा बटन गोळ्या (नशेसाठी खातात त्या झोपेच्या गोळ्या) खायचा, ओट्यावर मान टाकून बसायचा अन् चहा हातातल्या हातात गार व्हायचा, कुणी जवळ जायचं नाही, मीपण नाही गेले. ते डोक्यातून जातच नाही.

घरचे म्हणायलेत पोरीला हे कशाला. तर संभाजीनगर, लातूर, परभणीकडं कुणी असं काम केलंय का? विद्यार्थ्यांना आउटरीचला (वस्तीत जाऊन नशा करणाऱ्यांना भेटायला) सोबत नेतात का नुसतं रजिस्टर लिहायला बसवतात? अन् २०१७च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणं ओळख गुप्त ठेवायची, मग कॉलेजच्या रिपोर्टात केस कशी लिहिली तुम्ही? जाण्यायेण्याचा खर्च नाही मिळाला तरी चालेल, पण शिकवणारं माणूस पाहिजे. दादा-ताई, माहीत असेल तर प्लीज सांगा.