शुगर आटोक्यात आहे, तरी पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद. खाण्यात काय बदलावं?

कृष्णाकाठ
बाबा ६८ वर्षांचे, सांगलीला असतात. डायबेटिस जुना. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.९ आला म्हणून घरात सगळे निर्धास्त होते. पण हल्ली फिरायला निघाले की थोड्याच अंतरावर पोटऱ्या भरून येतात, कट्ट्यावर टेकलं की थांबतं. डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) केलं तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात म्हणे. गोळ्या चालू आहेत, पथ्य मात्र "तेलकट कमी करा" एवढंच. साखर तर त्यांनी केव्हाच सोडली. आता आणखी काय सोडायचं?
शिवाय काकांनी लिंबू-आलं-लसूण-व्हिनेगरच्या काढ्याची कृती पाठवलीय, 'ब्लॉकेज उघडतात' म्हणून. द्यावा का?

गवती चहा
ती कृती शेवटपर्यंत वाचा. सगळं आटवून झाल्यावर त्यात तेवढाच मध ओतायला सांगतात! डायबेटिसवाल्याला रोज सकाळी उठून मध? आणि आत बसलेला थर काढ्याने निघत नाही. लसूण आमटीत घाला, छान लागतो.

पानउजवीकडे
मी आहारतज्ज्ञ आहे, पण बाबांना तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साईड तयार करतं, त्याने ती सैल राहते. वर्षानुवर्षं वाढलेली साखर, बीपी, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल आणि तंबाखू हे चौघं मिळून ते अस्तर खराब करतात. एचबीएवनसी यातल्या एकाचाच हिशेब देतो. म्हणून आधी विचारते: तंबाखू, मिश्री, विडी काही आहे का? असेल तर आहाराच्या गप्पा नंतर.

खाण्याबाबत एकेक पदार्थ सोडत बसण्यापेक्षा ताट बदला. स्पेनमध्ये ७,४४७ जणांवर मोठी चाचणी झाली, त्यात जवळजवळ निम्मे डायबेटिसचे होते. भाज्या, कडधान्यं, मासे आणि त्यासोबत ऑलिव्ह तेल किंवा रोज ३० ग्रॅम सुका मेवा. हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे साधारण ३० टक्क्यांनी कमी झाले, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजारही कमी दिसला. (२०१३ चा तो निबंध गटवाटपातल्या चुकांमुळे मागे घेतला होता, २०१८ मध्ये नव्याने मांडला, निष्कर्ष जवळपास तोच राहिला.)

सांगलीत त्यासाठी ऑलिव्ह तेल आणायची गरज नाही. मटकी, हुलगे, मेथी-चाकवत, ज्वारीची भाकरी आहेच. भाकरी दोनाची एक करा, उसळ वाढवा, जेवणाची सुरुवात कोशिंबिरीने करा. मूठभर शेंगदाणे चालतील, पण खारे नकोत. तेल घाण्याचं असो की रिफाइंड, महिन्याला घरात किती किलो येतं ते आधी बघा.

मिठाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, तेही सगळं धरून. ठेचा, लोणचं, पापड आणि तुमच्याकडचं भडंग! भडंगात मीठ-तेल आहेच, वर मुरमुऱ्यांनी साखर झपकन चढते. 'लो सोडियम' मीठ मात्र परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, किडनी किंवा बीपीच्या काही गोळ्यांसोबत ते घातक ठरू शकतं.

गवती चहा
उपवासाचंही बघा. साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट.

कृष्णाकाठ
मिश्री नाही, पण जेवणानंतर तंबाखूची चिमूट आहे. आईला वाटतं, एवढ्याशाने काय होतं. आणि भडंग तर रोज संध्याकाळी! पाय दुखतात म्हणून फिरणंही बंद केलंय. गूळ आणि तूप चालेल का?

पानउजवीकडे
ताई, चिमूट आधी सोडवा, डॉक्टरांकडे त्यासाठी मदत मिळते.

फिरणं बंद नका करू देऊ. या दुखण्यावर चालणं हाच उपचार आहे: दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कमी झालं की पुन्हा निघायचं. हृदयाची तपासणी झाली नसेल तर ती करून घेऊन सुरुवात करा. घरातही चप्पल घाला, रोज तळवे बघा. बसल्या जागी पाय दुखायला लागला, जखम भरेना किंवा बोट काळंनिळं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गूळ म्हणजे साखरच. तूप भाकरीवर अर्धा चमचा ठीक, वाटीने नको. कोलेस्टेरॉलची गोळी 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून बंद करू नका. तो गोळीमुळेच नॉर्मल असतो. अशा पेशंटचं एलडीएल ७० च्या, बऱ्याचदा ५५ च्याही खाली ठेवतात. त्यांचं किती आहे? आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी? ते कळलं की डाळीचं प्रमाण सांगते.