मदत हवी आहे: १९८७ च्या कॅसेटवरचं भजन नेटवर कसं टाकू?

नमस्कार मंडळी. बाबांच्या ट्रंकेत आमच्या गावच्या भजनी मंडळाची कॅसेट सापडली आहे. १९८७ च्या कार्तिकी एकादशीचा जागर, दोन्ही बाजू भरलेल्या. पखवाजावर माझे आजोबा आहेत. मध्येच ते "अरे, टाळ जरा हळू" म्हणतात. त्यांच्या आवाजाची आमच्याकडे एवढीच खूण उरली आहे.

फितीला मागून दाबणारा फेल्टचा छोटा तुकडा निखळलाय, त्यामुळे आवाज मध्येच दबतो. फीत दुसऱ्या स्क्रूवाल्या डबीत घालावी म्हणतोय. कोणी घरी केलंय का? नंतर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन मूळ प्रत वेव्ह (न दाबलेल्या) फाइलमध्येच ठेवणार. मागची खरखर पुसायला गेलं की टाळांची किणकिणही जाते, म्हणून त्याला हात लावणार नाही.

खरा प्रश्न हक्कांचा आहे. अभंग तुकोबांचे, त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही. पण दोन चाली रेडिओवर गाजलेल्या आहेत, त्यांच्या संगीतकारांचं काय? शिवाय आपल्या कायद्यात कलाकाराचा हक्क ५० वर्षं टिकतो, म्हणून हयात असलेल्या तिघांना आणि बाकीच्यांच्या घरी विचारूनच पुढे जातोय. यूट्यूबवर चालीसाठी दावा आला तर व्हिडिओ उडतो, की फक्त जाहिरातीचे पैसे तिकडे जातात? की इंटरनेट अर्काइव्ह या मोफत डिजिटल संग्रहावर टाकणं बरं? ज्यांनी असं काही चढवलंय त्यांनी कृपया लिहा. कार्तिकीच्या आत गावाला लिंक पाठवायची आहे.