मदत हवी आहे: जर्मन 'लासन' नेमकं कधी काय?

नमस्कार मंडळी. जर्मनच्या बी१ची (मधल्या पातळीची) तयारी चालू आहे आणि 'लासन' या क्रियापदाने डोकं खाल्लंय. 'इश लासे माइन आउटो रेपारीरन' म्हणजे गाडी दुरुस्त करून घेतो, इथवर ठीक. आपलं 'करवून घेणे' आहेच, त्यामुळे हे इंग्रजीपेक्षा मराठीतून पटकन कळतं. 'दास लेस्ट झिश माखन', म्हणजे जमण्यासारखं आहे, हेही पाठ झालं.

गाडी अडते ती 'इश लासे इन आर्बायटन'पाशी. त्याला काम करू देतो, की त्याच्याकडून करवून घेतो? दोन्ही अर्थ निघतात! जर्मन लोक हे नुसत्या संदर्भावरून ओळखतात, की अशा वेळी दुसरं क्रियापद वापरतात?

दुसरं, भूतकाळ. छत्री घरी ठेवली तर 'गेलासन', केस कापून घेतले तर 'श्नायडन लासन', इतकं समजलं. पण 'वाइल' (म्हणजे 'कारण') आलं की 'हाबे' हे सहायक क्रियापद शेवटी न जाता मध्येच घुसतं: 'वाइल इश माइन आउटो हाबे रेपारीरन लासन'. रोजच्या बोलण्यात असं खरंच म्हणतात का, की वाक्य तोडून सोपं करतात? तिकडे राहणाऱ्यांनी कृपया सांगा. आणि मोबाइल ट्रेनमध्ये विसरला तर 'लीगन लासन' की 'लीगन गेलासन'? मला दोन्ही दिसतात.